घरातला म्युझिक सर्व्हर : वाजतो तीन तास, जागतो चोवीस तास

मंद्रसप्तक

मंडळी, घरात एक जुना डेस्कटॉप आहे. नवा घेतल्यावर टाकवेना, विकायला काढला तर कुणी ढुंकून बघेना, म्हणून त्याचा म्युझिक सर्व्हर केला. लिनक्स, त्यावर एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, फोनवरून चालवता येतो), यूएसबीला डॅक (डिजिटल गाण्याचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी), तिथून अ‍ॅम्प. होत्या तेवढ्या सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता आकार कमी करणारा फाईलचा प्रकार) उतरवून ठेवल्यात. फोनवर गाणं निवडायचं, बैठकीत वाजतं. जोडीला नॅव्हिड्रोम (घरभर गाणी पुरवणारा मीडिया सर्व्हर) आहे, म्हणजे आतल्या खोलीत हेडफोन लावूनही ऐकता येतं. दोन वर्षं झाली, तक्रार शून्य.

परवा मित्राकडून प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला, फ्रिज मोजायला. फ्रिज मोजून झाला आणि सहज म्हणून या पेटीला लावला. आकडा आला ६२ वॉट. गाणं बंद, मॉनिटर जोडलेलाच नाही, कुणी काही करत नाही. मग गाणं लावून पाहिलं, तर ६४. म्हणजे गाण्याला लागतात २ वॉट आणि नुसतं बसायला ६२!

हिशोब सोपा आहे. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. ६२ने गुणलं की ५४३. मी ऐकतो रोज तीन तास, सुट्टीच्या दिवशी थोडं जास्त. उरलेले एकवीस तास हा गडी हात जोडून उभा असतो आणि उभं राहण्याचा पगार घेतो.

पोटात काय आहे ते सांगतो: दहाएक वर्षं जुना चार कोरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एक ग्राफिक्स कार्ड (मुलगा गेम खेळायचा तेव्हाचं), लिनक्ससाठी छोटी एसएसडी, साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क (एकीवर संगीत, दुसरीवर त्याचा बॅकअप) आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय.

नवीन काही विकत न घेता हा आकडा किती खाली येईल? आणि एक अट. गाणं लावल्यावर मिनिटभर ताटकळायला लागलं तर घरातून उठाव होईल.

सुटसुटीत

विका हो तो डबा. तळहाताएवढा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर घ्या, मोकळा असताना ३-४ वॉट खातो. त्याला डिस्क लावा. विषय संपला.

मंद्रसप्तक

'विकत न घेता' असं लिहिलंय वर. आणि विकायचा प्रयत्न केलेला आहे, तेही लिहिलंय.

टर्मिनलवाली

शिवाय साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. म्हणजे आणखी एक डबी, आणखी एक अडॅप्टर. 'विषय संपला' म्हणणाऱ्यांचा विषय सहसा एक्स्टेन्शन बोर्ड भरल्यावर संपतो. :)

मंद्रसप्तक, तुमचं निदान तुम्हीच केलंय. खर्च गाण्याचा नाही, वाट बघण्याचा आहे. फ्लॅक उलगडणं हे आजच्याच काय, दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरलाही किरकोळ काम आहे. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, त्यात कसला घाम फुटणार! म्हणून प्रोसेसरचा वेग बांधून ठेवणं वगैरे उपाय करू नका. काम आलं की झटकन उरकून पुन्हा डुलकी घेणं हेच त्याला स्वस्त पडतं. शोधायचं असेल तर डुलकी कोण मोडतंय ते शोधा.

फ्यूज_उडालेला

आधी मीटरबद्दल बोलू. असे मीटर लहान भारावर थापा मारतात. ६२ला ठीक आहे, पण पुढे २-३ वॉट मोजायची वेळ आली तर क्षणाचा आकडा धरू नका, दोन दिवस लावून ठेवा आणि जमा झालेले युनिट वाचा. आणि व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) न वाचता वॉटच वाचा. कॉम्प्युटर झोपलेला असताना दोन्हींत फार अंतर पडतं.

आता पेटी उघडा आणि ग्राफिक्स कार्ड उपटा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर त्या कार्डाचं तिथे काहीच काम नाही. स्क्रीन नसली तरी ते पंखा फिरवत बसतं. काही मदरबोर्ड मात्र ग्राफिक्सशिवाय सुरूच होत नाहीत, तेवढं बघा.

पॉवर सप्लायची रडकथा नंतर सांगतो.

मंद्रसप्तक

उपटलं. ६२चे ४७! एक स्क्रू आणि एक खटका, १५ वॉट. दोन वर्षं मी या कार्डाला पोसत होतो.

सप्लायची रडकथा सांगा आता.

फ्यूज_उडालेला

४५० वॉटच्या सप्लायवर तुम्ही ४७ वॉटचा भार टाकताय, म्हणजे जेमतेम १० टक्के. ८० प्लसची (सप्लायच्या कार्यक्षमतेचा बिल्ला) चाचणी साधारणपणे २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते, फक्त टायटॅनियम दर्जाला १० टक्क्यांवर मोजतात. त्याखाली कार्यक्षमता घसरत जाते आणि खोक्यावरच्या बिल्ल्याला ते विचारलेलंच नसतं. भार जितका कमी कराल तितका सप्लाय बेशिस्त वागणार. म्हणजे आत १० वॉट वाचवले की भिंतीपाशी बरोब्बर किती दिसतील ते सांगता येत नाही, मोजावंच लागतं. सप्लाय न बदलता यावर इलाज नाही, म्हणून ही नुसती रडकथा.

टर्मिनलवाली

आता डिस्क. साडेतीन इंची डिस्क नुसती गरगरत असताना ४ ते ८ वॉट घेते, झोपली की एकाच्या आत. तुमच्या दोन आहेत, त्यातली बॅकअपची तर आठवड्यातून एकदाच लागत असेल. तिला अनमाउंट करून (सिस्टीमपासून सोडवून) ठेवा आणि एचडीपार्म या डिस्क हाताळणाऱ्या आज्ञेला स्मॉल वाय पर्याय देऊन तत्काळ झोपवा. बॅकअपच्या स्क्रिप्टनेच माउंट करावं, काम उरकावं, पुन्हा झोपवावं.

संगीताच्या डिस्कला झोपेची वेळ लावून द्या, तो कॅपिटल एस पर्याय. डिस्क झोपली आहे का हे कॅपिटल सी सांगतं, आणि विचारल्यामुळे ती उठत नाही.

मंद्रसप्तक

गोंधळ आहे. तासाभराने झोपावी म्हणून एसला ६० दिलं. ती पाच मिनिटांत झोपली. गाणी फोनवर चाळतोय तोवर गप्प, गाणं निवडलं की गुरगुरत उठणार, मग सूर. दोन गाण्यांमध्ये फोन आला की पुन्हा तेच. काल रात्रीत तिला आठ वेळा उठवलं.

टर्मिनलवाली

ते आकडे मिनिटांचे नाहीत. १ ते २४० पर्यंत दर आकड्याला पाच सेकंद, म्हणून ६० म्हणजे पाच मिनिटं. २४० म्हणजे वीस मिनिटं. त्यापुढे २४१ ते २५१ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पायऱ्या, म्हणजे २४१ला अर्धा तास आणि २४२ला एक तास. ज्याने हे ठरवलं त्याला जिन्याच्या मधल्याच पायऱ्या काढून टाकायची सवय असावी.

तुम्ही २४० ठेवा.

सुटसुटीत

पण सारखं झोपवून-उठवून डिस्क मरते ना? सुरू होतानाच सगळ्यात जास्त ताण येतो.

टर्मिनलवाली

उठताना ताण येतो हे खरं, क्षणभर २० वॉटच्या पुढेही जाते. पण उत्पादक मोजून आकडे देतात. साध्या डिस्कला ५० हजार चालू-बंद, हेड चढवणं-उतरवणं तीन लाख किंवा सहा लाख, असे आकडे माहितीपत्रकात असतात. दिवसाला सहा वेळा उठली तर वर्षाला सव्वादोन हजार होतात. रात्रीतून आठ वेळा हे वाईट, म्हणूनच पाच मिनिटं नको म्हटलं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्टार्ट-स्टॉपचा आकडा दिसतो, आज लिहून ठेवा, महिन्याने परत बघा.

मंद्रसप्तक

बॅकअपची डिस्क झोपली, ४१. दोन्ही झोपल्या की ३५. पण संगीताची डिस्क नीट झोपतच नाही! वीस मिनिटांनी झोपते, दहा मिनिटांत उठते, पुन्हा वीस मिनिटांनी झोपते. घड्याळ लावल्यासारखं. घरात सगळे झोपलेले, एमपीडी थांबलेला. भूत आहे का पेटीत?

टर्मिनलवाली

वीस अधिक दहा, तीस. दर अर्ध्या तासाला काय चालतं? स्मार्टडी! तो डिस्कची तब्येत विचारायला दर १,८०० सेकंदांनी येतो आणि विचारताना बहुतेक डिस्कना उठवतो. झोपलेल्याला हलवून 'झोप लागली का' विचारण्यातला प्रकार. त्याच्या कॉन्फिगमध्ये डिस्कच्या ओळीत स्मॉल एन पर्याय देऊन पुढे स्टँडबाय लिहा, मग झोपलेल्या डिस्कला तो शिवत नाही.

तरीही उठली तर फॅटरेस चालवून ठेवा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाईलला हात लावतोय ते ओळीओळीने दिसतं. संशयित नेहमीचेच असतात: मीडिया सर्व्हरचं ठरल्या वेळचं स्कॅनिंग, फाइल शोधणाऱ्यांची अनुक्रमणिका, थंबनेल करणारे. आणि सगळ्या डेटाबेस, लॉग, अल्बमच्या चित्रांचा कॅशे एसएसडीवर असू द्या. फिरत्या डिस्कवर फक्त गाण्याच्या फाईली. माउंट करताना नोएटाइम लावा, नाहीतर नुसती फाईल वाचली तरी वाचल्याची वेळ अधूनमधून डिस्कवर लिहिली जाते.

मंद्रसप्तक

स्मार्टडीच होता. आणि दुसरा चोर नॅव्हिड्रोम निघाला, त्यात मीच कधीतरी दर तासाला स्कॅन लावून ठेवला होता. तासाला! मी महिन्यातून एखादी सीडी चढवतो. आता स्कॅन बटण दाबून करतो. रात्रभर डिस्क झोपलेली राहिली.

खिडकीतून

लिनक्सवाल्यांच्या गप्पांत तोंड घालतो. माझा सर्व्हर विंडोजवर आहे आणि तो झोपायचाच नाही. तिथे पॉवरसीएफजी रिक्वेस्ट्स ही आज्ञा उपयोगी पडली (कमांड विंडो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची). कोणी झोप अडवून धरली आहे त्याची यादीच देते. माझ्याकडे 'ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे' असं आलं. प्लेअर गाणं थांबवल्यावरही साउंड कार्ड सोडत नव्हता. त्याच्या सेटिंगमध्ये थांबल्यावर उपकरण सोडण्याची खूण होती, ती केली. आणि मध्यरात्री आपोआप उठतो कशाने हे पाहायला पॉवरसीएफजी लास्टवेक.

आळशी_कासव

मी या सगळ्या भानगडीत न पडता जुना लॅपटॉप वापरतो. झाकण बंद, ९ वॉट, वर बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढंच लिनक्सच्या लॉगिनडीच्या सेटिंगमध्ये सांगायचं.

एकच धडा मिळाला, तो सांगून ठेवतो. वर्षभर चार्जरला लावून ठेवला होता. एक दिवस टचपॅड नीट दाबला जाईना. कडेला नख घातलं तर टचपॅड वर आलेला, आणि त्याखालची बॅटरी उशीसारखी फुगलेली. लगेच बंद केला, बॅटरी काढून रीतसर ई-कचऱ्यात दिली. तुम्ही लॅपटॉप ठेवणार असाल तर चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर लावा. बऱ्याच मॉडेलमध्ये टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅममधून जमते, काहींत बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग).

मंद्रसप्तक

बापरे. कासवराव, हे वाचून मी घरातले सगळे लॅपटॉप पालथे करून पाहिले.

इकडे आणखी एक उद्योग केला. पॉवरटॉप या वीज कुठे जाते ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ऐकलं होतं, त्याची ऑटो-ट्यून आज्ञा दिली. ३५चे २८ झाले! नाचणार तेवढ्यात गाणं लावलं. प्रत्येक गाण्याचा पहिला सूर गायब. तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा गिळून तिसरीपासून सुरुवात. आणि गाणं थांबवून पुन्हा लावलं की स्पीकरमधून 'टक्'.

कानसेन

मी याचीच वाट बघत होतो.

ऑटो-ट्यून सगळ्या यूएसबी उपकरणांना झोपायची परवानगी देतं, त्यात तुमचा डॅकही आला. दोन सेकंद आवाज नसला की डॅक झोपतो, गाणं आलं की उठतो, उठेपर्यंत पहिला सूर गेला. 'टक्' त्याच्या उठण्याचाच. मदरबोर्डवरचं साउंड कार्ड वापरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, तिथे एचडीए ड्रायव्हरचा पॉवर-सेव्ह शून्य करावा लागतो.

अर्धा वॉट वाचवायला षड्ज गमावणं हे मला मान्य नाही, सांगून ठेवतो.

टर्मिनलवाली

कानसेनांशी पहिल्यांदाच सहमत. पॉवरटॉप हे निदानाचं यंत्र आहे, त्याला डॉक्टर करू नका. त्याच्या ट्यूनेबल्सच्या पानावर जाऊन एकेक ओळ चालू करा आणि दर वेळी मीटर बघा. डॅकच्या यूएसबी ओळीवर एंटर दाबून तिला परत 'बॅड' करून ठेवा. त्या शब्दाने वाईट वाटून घेऊ नका. रीबूटनंतर हे सगळं पुसलं जातं, म्हणून जे ठेवायचं ते यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की लागू होणाऱ्या) नियमात लिहा.

तुमचे खरे ७ वॉट डॅकमधून आलेलेच नसणार, ते साटा लिंकमधून (डिस्क आणि मदरबोर्ड यांतली जोडणी) आले असतील. पॉवरटॉपच्या आयडल स्टॅट्स पानावर पॅकेजच्या ओळी बघा. प्रोसेसरचा एकेक कोर झोपणं वेगळं आणि आख्खं पॅकेज, म्हणजे सगळ्या कोरांसकट पूर्ण चिप, झोपणं वेगळं. एक जरी उपकरण जागं राहिलं तरी पॅकेज वरच्या वर तरंगत राहतं. साटा लिंकला मीडियम पॉवर विथ डीआयपीएम हे धोरण लावा, ते लिनक्स कर्नल ४.१५ पासून आहे. त्याहून कडक मिन-पॉवर नको, काही डिस्क त्यात डेटा बिघडवतात.

मंद्रसप्तक

एकेक करत गेलो. डॅक सोडून बाकी सगळं, साटा लिंक, बायोसमधला सीरियल पोर्ट आणि न वापरलेलं ऑनबोर्ड साउंड बंद. पॅकेज आधी झोपेच्या दोनच्या पायरीवर अडकलेलं होतं, आता सहावर उतरतं (आकडा मोठा तितकी झोप गाढ). मीटर २७. पहिला सूर शाबूत.

६२चे २७ झाले, एकही वस्तू विकत न घेता. आता थांबू का?

टर्मिनलवाली

थांबता कसले! २७ वॉट म्हणजे अजून वर्षाला २३६ युनिट, आणि त्यातले बहुतेक तुम्ही झोपलेले असताना. आता पेटीलाच झोपवा.

एस-थ्री, म्हणजे सस्पेंड-टू-रॅम. सगळं बंद, फक्त रॅम आणि नेटवर्क कार्डाचा एक कान जागा. दोनेक वॉट लागतात. उठायला तीन-चार सेकंद. उठवायचं वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून. त्याचं जादूचं पॅकेट १०२ बाइटचं असतं, सहा वेळा एफएफ आणि मग त्या कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा. नावच सोळा वेळा पुकारायचं, ऐकू येणारच. फोनवर असं पॅकेट पाठवणारी बरीच अ‍ॅप आहेत.

तीन गोष्टी पाळा. सर्व्हर केबलने जोडलेला हवा, वायफायवरून हे सहसा जमत नाही. बायोसमध्ये ईआरपी किंवा डीप स्लीप नावाचं काही असेल ते बंद करा, नाहीतर झोपताना तो नेटवर्क कार्डाचीही वीज तोडतो. आणि ईथटूल या नेटवर्क कार्डाच्या आज्ञेने वेक-ऑन चालू करा.

झोपायचं कधी हे ठरवायला ऑटोसस्पेंड नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला सांगायचं की अमुक काही चालू नसेल आणि अर्धा तास झाला असेल तर झोप.

मंद्रसप्तक

(चार दिवसांनी)

दोन संकटं.

एक: झोपतच नाही. ऑटोसस्पेंडला ६६०० पोर्टवर कुणी जोडलेलं असेल तर जागा राहा असं सांगितलंय.

दोन: हाताने झोपवला तर मिनिटभरात उठतो. जादूचं पॅकेट पाठवलेलं नाही. फोन तर हातातही नव्हता.

टर्मिनलवाली

पहिल्याचं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. एमपीडीचे क्लायंट ६६०० पोर्ट धरूनच बसतात, गाणं असो नसो. घरात तीन फोनवर अ‍ॅप उघडं असेल तर तुमचा सर्व्हर कायमचा लोकप्रिय. पोर्ट बघू नका, ऑटोसस्पेंडमध्ये एमपीडीसाठी वेगळी तपासणी आहे, ती गाणं खरंच चालू आहे का ते विचारते. नॅव्हिड्रोमच्या ४५३३ पोर्टला मात्र कनेक्शनची तपासणी ठेवा.

दुसऱ्यासाठी, ईथटूलला वेक-ऑन नंतर नेमकं काय दिलंत?

मंद्रसप्तक

आधी नुसतं ईथटूल चालवलं तर 'सपोर्ट्स वेक-ऑन' पुढे पी-यू-एम-बी-जी अशी अक्षरं आली. तीच सगळी उचलून दिली. जेवढं आहे तेवढं चालू असावं म्हणून.

फ्यूज_उडालेला

😂 दाराला पाच घंट्या आणि सगळ्या चालू.

टर्मिनलवाली

बी म्हणजे ब्रॉडकास्ट. राउटरने 'कोण आहे रे तिकडे' असं सगळ्यांना विचारलं की हा दचकून उठणार, आणि राउटर सारखं विचारतच असतो. यू म्हणजे थेट त्याच्या नावाचं कुठलंही पॅकेट, एम म्हणजे मल्टिकास्ट, पी म्हणजे केबलवर नुसती हालचाल. तुम्हाला फक्त जी हवं, म्हणजे जादूचं पॅकेट.

मंद्रसप्तक

जी. फक्त जी. झोपला तो झोपला. सकाळी जादूचं पॅकेट टाकलं, चार सेकंदांत उठला, डिस्क फिरायला आणखी सहा-सात. दहा सेकंदांत भैरव सुरू. घरातून उठाव नाही. मुलगी म्हणाली, "पहिले असंच होतं ना?" तिच्या लक्षातही आलं नाही.

एकदा मात्र उठल्यावर आवाजच नव्हता. डॅकचा क्रमांक १ होता तो २ झाला होता. एमपीडीच्या कॉन्फिगमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहिलं, तेव्हापासून ठीक.

कानसेन

रॅम ८ जीबी आहे ना? मग एमपीडीच्या ०.२२ आवृत्तीपासून इनपुट कॅशे आहे, त्याला २ जीबी द्या. रांगेतली पुढची फाईल आधीच रॅममध्ये ओढून ठेवतो. तासाभराचा एकच राग म्हणजे सीडीच्या दर्जाची एकच फ्लॅक, साधारण ३००-४०० एमबीची. ती एकदा वाचली की डिस्कला काम नाही, आणि वीस मिनिटांनी राग चालू असतानाच डिस्क झोपते. विलंबित ख्यालात मागून येणारी डिस्कची घरघर बंद होते. मला वीज वाचण्यापेक्षा याचं कौतुक जास्त आहे.

मंद्रसप्तक

केलं! बडा ख्याल रंगात आलेला आणि डिस्क 'टुक्' करून थांबली, ती थेट पुढच्या रागालाच उठली. खोलीत इतकी शांतता असते हे माहीत नव्हतं.

हिशोब देतो. फ्यूजभाऊंच्या सांगण्यावरून मीटर चार दिवस लावून ठेवला, क्षणाचे आकडे घेतले नाहीत. साधारण पाच तास जागा, तेव्हा सरासरी ३३ वॉट. एकोणीस तास झोप, २ वॉट. दिवसाला ०.२ युनिटच्या आसपास, वर्षाला ७४. होते ५४३.

सुटसुटीत

मान्य. माझा पाय चोवीस तास जागा असतो, दोन अडीच इंची डिस्कसकट ६ वॉट, वर्षाला ५२-५३. फार फरक उरला नाही. पण माझा डबा खिशात मावतो. :)

फ्यूज_उडालेला

मंद्रसप्तक, अभिनंदन. आता तोच मीटर जरा अ‍ॅम्पला लावा. गाणं बंद असताना.

मंद्रसप्तक

का हो असं करता?

२८ वॉट. गाणं बंद, आवाज शून्य, २८ वॉट. आणि हा अ‍ॅम्प मी घेतल्यापासून बंद केलेला नाही. बटण मागच्या बाजूला आहे, हात पोचत नाही.

२८ गुणिले ८.७६, २४५ युनिट. सर्व्हरच्या तिप्पट. मी पंधरा दिवस ज्याच्या डोक्याशी बसलो होतो तो गुन्हेगारच नव्हता.

फ्यूज_उडालेला

तोही होता, ५४३ काय कमी नव्हते. पण एबी वर्गाचा अ‍ॅम्प गप्प असतानाही आतल्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहता ठेवतो, त्याची ती जातच आहे. वरून हात लावून बघा, कोमट लागेल. डी वर्गाचे बरेच कमी घेतात.

स्मार्ट प्लग लावायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, की तो स्वतः वॉटभर घेतो आणि वायफायवर जागा असतो. बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड पुढे आणून ठेवा, बोट पुरे. बंद करताना मात्र आधी अ‍ॅम्प, मग डॅक. उलट केलंत तर स्पीकर दणका खातात.

कानसेन

अ‍ॅम्प चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यावा लागतो, त्याशिवाय आवाज मोकळा होत नाही.

फ्यूज_उडालेला

कानसेन, डोळे बांधून ओळखून दाखवा, मग बोलू.

कानसेन

यावर वेगळा धागा काढा. इथे मंद्रसप्तकांचा धागा खराब नको.

मंद्रसप्तक

बोर्ड पुढे आणला. आता फोनवर पॅकेट टाकतो, बोर्डचं बटण दाबतो आणि पाणी प्यायला जातो. परत येईपर्यंत दोघंही जागे असतात. कानसेनांसाठी पाणी जरा सावकाश पितो.

आळशी_कासव

बाकी सगळं झालं, पण फ्रिज किती निघाला ते सांगितलंच नाहीत. मीटर त्यासाठीच आणला होतात ना?

मंद्रसप्तक

दिवसाला १ युनिट. म्हणजे तेव्हा माझा सर्व्हर फ्रिजपेक्षा दीडपट खात होता, आणि थंड काहीच करत नव्हता. मीटर मित्राला परत करायचा राहिलाय. उद्या राउटरला लावून बघतो आणि मग देतो.